अमेरिकेत फॉस्टर पालकांचं प्रशिक्षण : तास किती, शिकवतात काय, आणि परवाना टिकवायला काय लागतं?

तिरफळ
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं नॉर्थ कॅरोलायनात, रॅलीजवळ राहतो. फॉस्टर केअरचा (म्हणजे सरकारच्या ताब्यातलं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळण्याचा) परवाना काढायचं पक्कं होत आलंय. काउंटीला (आपल्या जिल्ह्यासारखं प्रशासन) विचारलं तर '३० तासांचं प्रशिक्षण, दोघांनाही' असं उत्तर मिळालं. खासगी संस्थाही तेच म्हणाली. कॅलिफोर्नियातले नातेवाईक मात्र आमच्याकडे १२ तासच आहेत म्हणतात.

तर, तासांत एवढा फरक कसा? परवाना मिळाल्यावर पुढे दर वर्षी काय करावं लागतं? आणि महत्त्वाचं म्हणजे, वर्षभरात शिकागोला, म्हणजे इलिनॉय राज्यात, जावं लागण्याची शक्यता आहे. आत्ता केलेलं प्रशिक्षण तिकडे चालेल, की थांबलेलं बरं? दत्तकाबद्दल वेगळा धागा आहे, इथे फक्त फॉस्टर.

कातळखोदे
फरक आहे, कारण केंद्राने तास ठरवलेलेच नाहीत. सोशल सिक्युरिटी कायद्याच्या 'टायटल फोर-ई' भागात एवढंच आहे की मूल घरी येण्याआधी पालकांची पुरेशी तयारी करून घ्या आणि मूल असेपर्यंत ती गरजेप्रमाणे चालू ठेवा. 'पुरेशी' म्हणजे किती, ते राज्याने ठरवायचं.

म्हणून नॉर्थ कॅरोलायनात ३०, फ्लोरिडात बरीच वर्षं कायद्याने किमान २१ होते, कॅलिफोर्नियात किमान १२. इलिनॉयमध्ये वर्षानुवर्षं 'प्राइड' नावाचा अभ्यासक्रम चालत आलाय : तीन-तीन तासांची नऊ सत्रं, म्हणजे २७. तुमच्याकडचा 'टिप्स-मॅप', तीन तासांच्या दहा बैठका, म्हणून ३०. अलीकडे बरीच राज्यं 'एनटीडीसी' या नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाकडे वळली आहेत. तो केंद्राच्या पैशातून तयार झालाय आणि राज्यांना फुकट मिळतो. वर्गात शिकवायचे १९ विषय, शिवाय गरज पडेल तेव्हा घरी बघायचे १५. त्यामुळे जुन्या ब्लॉगवर 'प्राइड' वाचलं असेल तर आधी फोन करून आज काय चालू आहे ते विचारा.

आणि १२ हा आकडा फसवा आहे. ते राज्याचं किमान आहे. काउंटी किंवा संस्था त्यावर वाढवू शकते आणि बऱ्याच ठिकाणी वाढवतेच.

आखूडशिंगी
ज्यांनी स्वतःची दोन-दोन पोरं वाढवली त्यांनी ३० तास बसून 'मुलांशी प्रेमाने वागा' ऐकायचं? हॉस्पिटलातून बाळ घरी नेताना कोणी सर्टिफिकेट मागितलं होतं का?

रानजाई
@आखूडशिंगी, हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये पहिल्या दिवशी येतोच. आणि ज्यांनी स्वतःची मुलं वाढवली आहेत त्यांनाच हे तास जास्त जड जातात, कारण त्यांच्या हाताशी तयार उत्तरं असतात.

एक उदाहरण देते. सात वर्षांचं मूल जेवतं व्यवस्थित, पण रात्री उशीखाली पोळीचे तुकडे, बिस्किटं, सुकलेलं केळं सापडतं. आपल्याकडची सहज प्रतिक्रिया : 'चोरून का खातोस? मागितलं असतंस तर दिलं नसतं का?' मग स्वयंपाकघरातले डबे वर ठेवायचे. प्रशिक्षणात नेमकं उलट शिकवतात. या मुलाला उद्या जेवण मिळेल याची खात्रीच नाही. तेव्हा त्याच्या हाताला येईल असा एक डबा ठेवायचा, कधीही घे म्हणून सांगायचं, आणि डबा रिकामा झाला की न बोलता भरायचा. साठवणं हळूहळू कमी होतं. डबे वर ठेवले तर वाढतं.

दुसरं, जन्मदात्या आईवडिलांशी ठरलेल्या भेटी. भेटीहून आल्यावर मूल आदळआपट करतं, अंथरूण ओलं करतं, गप्प बसतं. पालकांना वाटतं की भेटीच बंद कराव्यात. पण फॉस्टर केअरमध्ये बहुतेक वेळा पहिलं उद्दिष्ट मूल स्वतःच्या घरी परत जाणं हेच असतं. म्हणून प्राइडच्या पाच कौशल्यांपैकी एक अख्खं कौशल्य मूल आणि त्याच्या कुटुंबाचं नातं जपण्याबद्दल आहे. मुलासमोर त्याच्या आईबद्दल 'बिचारी' म्हणणंसुद्धा टाळायला शिकवतात.

बाकीची तीन : मुलाला सुरक्षित ठेवून त्याचं नीट संगोपन करणं, वाढीतली मागे राहिलेली गोष्ट ओळखणं, आयुष्यभर टिकेल असं नातं मिळवून द्यायला मदत करणं. पाचवं म्हणजे एका पथकाचा भाग म्हणून काम करणं. हे शेवटचं आपल्या लोकांना सर्वांत कठीण. केसवर्कर (मुलाची केस सांभाळणारा समाजसेवक), वकील, न्यायाधीश, थेरपिस्ट, शाळा असे सगळे तुमच्या घरातल्या निर्णयात असतात.

आखूडशिंगी
डब्याचं पटलं. बाकीच्यावर विचार करतो. तरी १२ तासांत हे आटपतं तर ३० कशाला, हा प्रश्न उरतोच.

रानजाई
कारण मॅप आणि प्राइड दोन्हींत प्रशिक्षण आणि निवड बरोबरच चालते. वर्ग घेणाऱ्यांपैकी एक जण बहुधा तुमचा होम स्टडी (घराची आणि कुटुंबाची पाहणी) करणारा किंवा त्याच्याशी बोलणारा असतो. दर बैठकीनंतर घरी लिहून आणायची पानं असतात : तुमच्या लहानपणी शिस्त कशी लावत, घरात वाद झाला की काय होतं, कोणत्या वागण्याने तुमचा संयम सुटतो. ती पानं होम स्टडीत जातात. तुम्हीही त्यांना तपासत असता. सहाव्या बैठकीनंतर 'हे आमचं काम नाही' म्हणून बाहेर पडणारी जोडपी असतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

मिठगर
व्यवहाराचं लिहितो, कारण अर्ज बहुधा इथेच अडकतात.

एक. सत्र बुडलं तर ते भरून काढावंच लागतं. छोट्या काउंटीत वर्षातून दोन-तीनदाच बॅच असते, म्हणजे एक बुधवार चुकला तर चार महिने गेले. भारताच्या फेरीची तिकिटं आणि बॅचच्या तारखा एकत्र ठेवून बघा.

दोन. दोघंही पालक म्हणून अर्ज करत असाल तर दोघांचे तास. एकाच्या लॉगिनवर दोघांनी मिळून ऑनलाइन कोर्स बघितला तर एकाच नावाचं प्रमाणपत्र निघतं, दुसऱ्याचे तास शून्य. ही तक्रार नूतनीकरणाच्या वेळी दर वर्षी येते.

तीन. सीपीआर आणि प्रथमोपचार. फक्त ऑनलाइन व्हिडिओ बघून मिळणारं कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही. पुतळ्यावर हाताने करून दाखवावं लागतं, आणि त्यात बाळाचं, मुलाचं, मोठ्याचं असे तिन्ही प्रकार हवेत. कार्ड साधारण दोन वर्षं चालतं. परवान्याची तारीख आणि कार्डाची तारीख क्वचितच जुळते, त्यामुळे परवाना चालू आणि सीपीआर संपलेलं अशी फाइल तयार होते. कॅलिफोर्नियात मंजुरीनंतर ९० दिवसांत हे उरकायची सवलत आहे. तुमच्याकडे आधीच करून ठेवा. रक्तातून पसरणाऱ्या रोगांपासून संरक्षण आणि औषधं देण्याची पद्धत यावरचं छोटं प्रशिक्षणही संस्था मागेल.

चार. बोटांचे ठसे. २००६ च्या ॲडम वॉल्श कायद्याने अर्जदार पालकांची एफबीआयकडून तपासणी होते (घरातल्या इतर प्रौढांचे ठसे राज्याच्या नियमाने), शिवाय घरातला प्रत्येक प्रौढ मागच्या पाच वर्षांत ज्या ज्या राज्यात राहिला तिथल्या बाल-अत्याचार नोंदवहीची. आपली मंडळी पाच वर्षांत न्यू जर्सी, टेक्सास, नॉर्थ कॅरोलायना करून आलेली असतात. प्रत्येक राज्याला वेगळा अर्ज, वेगळा फॉर्म. प्रशिक्षण संपेपर्यंत थांबू नका, पहिल्या आठवड्यातच पाठवा.

चांदोबा_भागलास_का
वाचनखूण साठवली. @मिठगर, सासूबाईंसाठी वेगळी बॅच असते का? विचारतोय एका मित्रासाठी.

मिठगर
हसण्यावारी नेऊ नका, हा खरा मुद्दा आहे. आईवडील व्हिजिटर व्हिसावर येऊन पाच-सहा महिने राहतात. दोन दिवसांचा पाहुणा आणि घरात राहणारा प्रौढ यांत नियम फरक करतात. महिनोन्महिने राहणाऱ्याचे ठसे आणि तपासणी लागते. वॉशिंग्टन राज्यात तर घरात राहणाऱ्या १६ वर्षांपुढच्या सगळ्यांची पार्श्वभूमी तपासतात, ठसे १८ पासून. इलिनॉयमध्ये बाल-अत्याचार नोंदवहीची तपासणी १३ वर्षांपासून, म्हणजे तुमच्या स्वतःच्या आठवीतल्या मुलाचंही नाव जातं. आईवडील विमानात बसायच्या आधी परवाना देणाऱ्या संस्थेला लेखी कळवा. प्रशिक्षण त्यांना सक्तीचं नसतं, पण शिस्तीचे नियम त्यांनाही लागू आहेत.

सांजपर्व
शिस्तीचे नियम म्हणजे नक्की काय? एखादा धपाटा वगैरे?

रानजाई
धपाटा नाही, कान पिळणं नाही, हात उगारून दाखवणं नाही. उठाबशा नाहीत, कारण शिक्षा म्हणून व्यायाम करवणंही बहुतेक नियमावल्यांत बंद आहे. जेवण न देणं, खोलीत कोंडणं, इतरांसमोर लाज वाटेल असं बोलणं, 'परत पाठवून देईन' अशी धमकी, आईवडिलांची भेट शिक्षा म्हणून रद्द करणं, हे सगळं बंद. तुमच्या राज्यात शिस्तीच्या करारावर सही करून द्यावी लागते. हे आजीआजोबांनी केलं तरी जबाबदारी परवानाधारकाची, आणि चौकशी परवान्यावर लागते.

मग करायचं काय, यावर निदान दोन सत्रं जातात. मूल ओरडत असताना आवाज खाली आणणं, सूचना एका वेळी एकच देणं, दोन मान्य पर्यायांतून निवडायला लावणं, एकट्याला कोपऱ्यात न पाठवता जवळ बसवून शांत होऊ देणं. ज्या मुलाला आधी एकटं टाकून दिलं गेलंय त्याला 'खोलीत जा' ही शिक्षा फार वेगळी लागते.

मोहरीची_फोडणी
मराठी घरांसाठी एक उपयादी करावी म्हणते. वर्गात कोणी सांगणार नाही, कारण शिकवणाऱ्याला या गोष्टी माहीतच नसतात, पण नियमात बसत नाहीत :

तान्ह्या बाळाची मोहरीची उशी. सुरक्षित झोपेच्या प्रशिक्षणात बाळ उताणं, कडक गादीवर, स्वतःच्या पाळण्यात, एकटं झोपवायचं असतं. उशी, दुपटं, मऊ खेळणं काहीही नाही. बाळाला कुशीत घेऊन झोपणं नाही. साडीची झोळी तर नाहीच. हे तपासनीस प्रत्यक्ष बघतो.

काजळ. काजळ-सुरम्यात शिसं सापडतं म्हणून इथल्या अन्न-औषध खात्याचा इशारा आहे. बाळाच्या रक्तात शिसं निघालं तर तुमच्या घराची चौकशी होईल, काजळाच्या डबीची नाही.

गळ्यातला काळा दोरा. गळा आवळला जाण्याचा धोका.

औषधं कुलपात. यात बाम, ग्राइप वॉटर, चूर्णं, आजीचा काढा सगळं आलं. प्रत्येक डोसची नोंद : तारीख, वेळ, मात्रा, कोणी दिलं. डॉक्टरला न विचारता घरगुती औषध द्यायचं नाही. मनावर काम करणारी औषधं तर कॅलिफोर्नियात 'जेव्ही-२२०' अर्जावर न्यायालयाची मंजुरी मिळाल्याशिवाय सुरू होत नाहीत.

जावळ आणि कान टोचणं. मुलाचे केस ओळखू येणार नाहीत इतके कापायचे किंवा कान टोचायचे तर जन्मदात्या पालकांची परवानगी, केसवर्करमार्फत.

फोटो. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आमच्याकडे आलेली परी' म्हणून फोटो टाकला की गोपनीयता मोडली. गणपतीच्या आरतीचे फोटो काढतानाही कोण कुठे उभं आहे ते बघा.

सांजपर्व
जावळाचं जरा अतीच वाटतं. केस परत येतात की.

मोहरीची_फोडणी
केस परत येतात, पण पुढच्या आठवड्यातल्या भेटीत आईला आपलं मूल टक्कल केलेलं दिसतं. कृष्णवर्णीय कुटुंबांत मुलांचे केस विंचरणं, वेण्या घालणं हा फार जिव्हाळ्याचा भाग असतो. केसांची निगा हा विषय प्रशिक्षणात स्वतंत्र घेतात. कुरळ्या केसांना रोज शाम्पू केला तर ते कोरडे होऊन तुटतात. रोज फणी मारायची नाही. ओले असताना, कंडिशनर लावून, रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे सोडवत जायचं. खोबरेल चालतं, पण कोरड्या केसांवर थापायचं नाही. रात्री सॅटिनची टोपी.

आखूडशिंगी
आणि आरतीला बसवायचं की नाही? शाकाहारी घराचं काय?

रानजाई
आरतीच्या वेळी मूल घरात असू शकतं, सहभागी व्हायची सक्ती नाही. उलट त्याला चर्चला किंवा मशिदीत जायचं असेल तर सोय तुम्ही करायची. शाकाहारी घरांना परवाना मिळतो. पण जे मूल आयुष्यभर चिकन खात आलंय त्याला पहिल्याच दिवशी वरणभातावर आणणं हा त्याच्या दृष्टीने आणखी एक तोटा असतो. होम स्टडीत हा प्रश्न विचारतातच. 'घरात मांस शिजत नाही, पण बाहेरचं आणून देऊ, त्याची भांडी वेगळी असतील' हे प्रामाणिक उत्तर चालतं. 'हळूहळू सवय होईल' हे उत्तर चालत नाही.

घाटवाट
अवांतर : महाराष्ट्रात याचं काय आहे? इथे 'परवाना' ऐकला नाही कधी.

कृष्णाकाठ
परवाना नाही, आदेश असतो. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ४४. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे, गृहभेट आणि अहवाल त्यांचा, आणि मूल सोपवण्याचा आदेश बाल कल्याण समितीचा. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी अविवाहित, विधवा, घटस्फोटित व्यक्तींनाही दार उघडलं. एकटी स्त्री मुलगा-मुलगी कोणालाही सांभाळू शकते, एकट्या पुरुषाला मुलगी देत नाहीत. विवाहित जोडप्याचा संसार किमान दोन वर्षांचा हवा. दोन वर्षं सांभाळल्यावर तेच मूल दत्तक घेता येतं, पूर्वी ही अट पाच वर्षांची होती. मिशन वात्सल्यमधून महिना ४००० रुपये.

प्रशिक्षणाबद्दल म्हणाल तर पालकांना समुपदेशन आणि माहिती द्यायची हे आहे, पण अमेरिकेसारखा तासांचा हिशेब आणि नूतनीकरण नाही. माझ्या मते तिथेच आपली बाजू लंगडी आहे. कागद सगळे जुळतात, पण मूल उशीखाली पोळी का ठेवतं हे कोणी सांगत नाही.

आणि बालसंगोपन योजनेशी गल्लत नको. ती बहुतेक वेळा मूल स्वतःच्या आईकडे किंवा नातेवाइकांकडेच असताना मिळणारी मदत आहे, २०२३ पासून महिना २२५० रुपये.

घाटवाट
धन्यवाद, नेमकं हवं ते मिळालं.

सोनकी
धाग्याच्या दुसऱ्या प्रश्नावर येऊ, परवाना मिळाल्यानंतर काय.

नॉर्थ कॅरोलायना : परवाना दोन वर्षांचा, त्या काळात २० तास, म्हणजे वर्षाला १०. इलिनॉय : परवाना चार वर्षांचा, १६ तास. फ्लोरिडा : वर्षाला ८. कॅलिफोर्निया : वर्षाला ८. वॉशिंग्टन : परवाना तीन वर्षांचा, पहिल्या मुदतीत ३६ तास, दुसरीत ३०, पुढे २४. सुरुवातीला जास्त, नंतर कमी, हे मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. पहिलं मूल घरी आल्यावरच खरे प्रश्न कळतात. त्याच वर्षी तास जास्त हवेत.

आता 'तास' म्हणून काय धरतात? संस्थेचे स्वतःचे वर्ग, राज्याच्या प्रशिक्षण पोर्टलवरचे कोर्स, फॉस्टर पालक संघटनांच्या परिषदा, कधी मुलाच्या थेरपिस्टने किंवा शाळेने त्या मुलाच्या गरजेवर दिलेलं प्रशिक्षण. पुस्तक वाचून किंवा चित्रफीत बघून तास मिळतात, पण त्यावर बहुधा मर्यादा असते आणि शेवटी प्रश्नपत्रिका भरून द्यावी लागते. सीपीआरचे तास यात धरतात की नाही हे संस्थेगणिक बदलतं. सगळ्यासाठी एकच नियम : आधी केसवर्करला ईमेल करून 'हे धराल का' असं विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

प्रमाणपत्रावर पूर्ण नाव (परवान्यावर आहे तेच, 'अनु' नको 'अनुराधा' हवं), तारीख, विषय, तास आणि शिकवणाऱ्याचं नाव किंवा संस्था हवी. 'सहभागाबद्दल आभार' असं लिहिलेला सुंदर कागद परत येतो.

कातळखोदे
@सोनकी, सहमत, एक भर. विषयही बघतात. दोन वर्षं पौगंडावस्थेवरचे कोर्स केले आणि घरात आहे दीड वर्षाचं बाळ, तर तास भरतात पण तपासनीस टिपणी लिहितो. तान्ह्या मुलांसाठी परवाना असेल तर सुरक्षित झोप आणि डोक्याला बसणाऱ्या हादऱ्याचे धोके, मोठ्या मुलांसाठी मोबाइल, स्वतःला इजा करणं, घरातून पळून जाणं. फोर-ईमध्ये 'गरजेप्रमाणे' हा शब्द आहे तो यासाठी.

मिठगर
नूतनीकरणाची फाइल कुठे अडते, तेवढं सांगतो. तास नव्हेत. वैद्यकीय तपासणीचा कागद, अग्निसुरक्षेची तपासणी आणि घरात नवीन राहायला आलेली व्यक्ती. रॅलीकडे अग्निशमन अधिकारी घर बघायला येतो, त्याची वेळ मिळायलाच आठवडे जातात. मुदत संपायच्या तीन महिने आधी सुरुवात करा. परवाना संपला तर मुलासाठी मिळणाऱ्या पैशांचा प्रश्न येतो आणि मूल हलवण्याची वेळ येऊ शकते.

चांदोबा_भागलास_का
पैशांचा विषय निघालाच आहे तर, हे उत्पन्न धरतात का? मित्रच विचारतोय.

सोनकी
राज्य किंवा परवानाधारक संस्थेकडून मुलाच्या संगोपनासाठी मिळणारी रक्कम करपात्र उत्पन्नात धरत नाहीत, आयकर संहितेचं कलम १३१. आणि ती संगोपनाची रक्कम आहे, पगार नाही. घरखर्च तुमच्या स्वतःच्या उत्पन्नात भागतो हे अर्जातच दाखवावं लागतं. मित्राला सांगा.

तिरफळ
सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. फक्त तिसरा प्रश्न अजून लटकलाय : शिकागोला जायचं झालं तर?

आखूडशिंगी
थांबा. तिकडे जाऊन २७ तास करा. तीन तास वाचले.

कातळखोदे
थांबू नका, पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

परवाना राज्याबाहेर जात नाही. तो घराच्या पत्त्याशी बांधलेला असतो. त्याच शहरात घर बदललं तरी नव्या घराची तपासणी होते. इलिनॉयला नवा अर्ज, नवे ठसे, नवा होम स्टडी. प्रशिक्षणाचं मात्र ठोकून 'नाही' असं नसतं. मॅपचं प्रमाणपत्र आणि तासांचा तपशील दाखवला तर तिकडची संस्था ते पूर्ण किंवा काही अंशी धरू शकते. निर्णय त्यांचा. त्यामुळे ते मूळ प्रमाणपत्र, सत्रांची यादी आणि होम स्टडीची प्रत निघताना इथल्या संस्थेकडून मागून घ्या. नंतर मागितलं तर फाइल गोदामात गेलेली असते.

रानजाई
आणि यातला मुलाचा भाग जास्त महत्त्वाचा. मूल तुमच्या घरी असताना तुम्ही राज्य बदललं तर ते आपोआप तुमच्याबरोबर येत नाही. न्यायालयाची परवानगी लागते आणि दोन राज्यांमधल्या करारानुसार दोन्हीकडच्या कार्यालयांची संमती लागते. घरी परत जाण्याची योजना चालू असेल तर ते बहुधा होतच नाही, कारण आईवडील रॅलीत आणि मूल शिकागोत असं झालं तर भेटी कशा होणार? मग मूल आणखी एका घरात जातं. वर्षभरात जायची शक्यता ५० टक्के असेल तर दीर्घ मुदतीचं मूल घेऊ नका, हे स्पष्ट सांगते.

पण ३० तास आत्ताच करा. तुमच्या संस्थेला पहिल्याच बैठकीत बदलीचं सांगा, लपवू नका. रिस्पाइटसाठी परवाना मागा : दुसऱ्या फॉस्टर कुटुंबाला आठवडाअखेर किंवा काही दिवस विश्रांती हवी असते तेव्हा त्यांच्याकडचं मूल तुमच्याकडे येतं आणि परत जातं. प्रशिक्षण आणि तपासणी तीच, पण कोणाचं घर मोडत नाही. संस्थांना अशा घरांची सतत गरज असते.

तिरफळ
रिस्पाइटचं डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच विचारते. सासूसासरे ऑक्टोबरमध्ये येताहेत, फेब्रुवारीपर्यंत. बॅच सप्टेंबरला सुरू होतेय. म्हणजे त्यांचे ठसेही?

मिठगर
हो. सप्टेंबरच्या पहिल्या बैठकीलाच त्यांच्या येण्या-जाण्याच्या तारखा लिहून द्या. आधी इथे कुठल्या राज्यात राहिले नसतील तर इतर राज्यांच्या नोंदवह्यांचा प्रश्न नाही, पण तुमच्या राज्याची नोंदवही तपासतील का ते विचारा, आणि एफबीआयचे ठसे आल्यावर लगेच घ्यावे लागतील. भारतातला पोलीस पडताळणी दाखला मागतील का तेही त्याच बैठकीत विचारा. मागणार असतील तर तो त्यांनी निघायच्या आधी पासपोर्ट कार्यालयातून काढून आणलेला बरा. इथून दूतावासामार्फत काढायला जास्त वेळ लागतो. आणि हातांवर मेंदी असेल तर ती गेल्यावर ठसे द्या. मशीन वाचत नाही आणि परत बोलावतात.